जवसाची होडी

मंगळवार, ११ मार्च

"काच सोडा," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू नाही. आजच."

तो भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत होता – जणू शेजारच्या कुणाचं तरी चाललंय! बाहेर पडल्यावर म्हणाला, "चहा घेऊ या." बस्स. एवढंच.

आमच्या लग्नाच्या आधीपासून तो होड्या करतो. काचेच्या तंतूंची मॅट साच्यात अंथरायची, वर रेझिन ओतून भिजवायची, कडक झाली की ग्राइंडरनं घासायची. घासताना जी पांढरी पूड उडते ती सगळी काही झाडूनं निघत नाही. काही अंगावर बसते, काही आत जाते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला. फोटोतलं मला काही कळलं नाही. डॉक्टरांचा चेहरा कळला.

चहा त्यानं अर्धाच घेतला. दम लागला होता. चहा पिताना!

शुक्रवार, १४ मार्च

बोलले एकदाची. शेडमध्ये गेले, ग्राइंडरचं बटण बंद केलं आणि बोलले.

"काच सोडून करू काय? पोस्टात तिकिटं चिकटवू?"

मी म्हटलं, काचेच्या जागी झाडांचे तंतू घालतात हल्ली. जवसाचा वाख – काडीतून सोडवलेले लांब धागे. गाड्यांच्या दारांची आतली बाजू त्याची करतात. भट्टी नको, काही नको, शेतात उगवतो. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथल्या सरांनी वाचायला दिलं होतं. गेले दोन महिने मी दुसरं काही वाचलेलंच नाही, हे मात्र त्याला सांगितलं नाही.

"म्हणजे गवताची होडी?" तो हसला. हसता हसता खोकला आला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघंही अजून हसतोच आहोत असं दाखवत उभे राहिलो.

दारात टकळी उभी होतीच. "दादा, जपून हं! काठाला बांधलीस तर गाय खाऊन जाईल."

टकळी म्हणजे माझी नणंद, त्याची धाकटी बहीण. खरं नाव घरात कुणी घेत नाही. तोंडाची टकळी सकाळी सुरू होते ती दिवा मालवल्यावरच थांबते. लग्न केलं नाही. "मला वाक्य पुरं करू देईल असा कुणी भेटला नाही," म्हणते.

बुधवार, १९ मार्च

तळ्यावरच्या मॅनेजरांकडे गेलो. सहलीच्या होड्या तिथे चालतात. या हंगामाला सगळ्या नव्या हव्यात, आणि काम त्याच्याकडेच आहे – काचेच्या होड्यांचं. ते सगळं घासायचं म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. त्यालाही कळत असणार.

मॅनेजर म्हणाले, "ताई, मला होडी तरंगायला हवी. आत काच घाला, नाहीतर केस घाला!" शेवटी कबूल झाले: वाखाची एक होडी करायची, वाळूची पोती भरून तीन आठवडे पाण्यात ठेवायची. फुगली नाही, पापुद्रे सुटले नाहीत, तर सगळ्या होड्या वाखाच्या. नाहीतर जूनच्या मध्यापासून काचेचं काम सुरू.

परत येताना तो म्हणाला, "ठरलं. तुझी टिकली तर काचेला हात लावणार नाही. फुगली तर मात्र हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

गुरुवार, २७ मार्च

गठ्ठा आला. उघडला तर लांब, पिवळसर, मऊ. टकळी ओरडली, "अगं बाई, ही कुणाची वेणी कापून आणलीस वहिनी?"

टेबलावर खिळ्यांची फणी ठोकलीय. त्यातून वाख ओढून ओढून विंचरायचा, बारीक कचरा गळून जातो. मग सोड्याच्या पाण्यात बुडवायचा, धुवायचा, वाळवायचा, पुन्हा विंचरायचा – धुतल्यावर गुंता होतो ना! टकळीचे हात भराभर चालतात. मी ओढलं की तुटतो, ती ओढते तेव्हा सरळ होतो. "तुझ्या लेकीचे केस कोण विंचरायचं शाळेत जाताना? मीच ना? तेव्हा तू रडवायचीस तिला."

खरंच आहे.

बुधवार, २ एप्रिल

जिना चढताना तो मध्येच थांबला. चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवलं. त्या चपलेला अंगठाच नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

चाचणीचे पहिले तुकडे वाया गेले. सगळे! रेझिन घातल्यावर आत बुडबुडे, आणि बादलीत टाकलेला तुकडा भिजल्या पुठ्ठ्यासारखा फुगला.

सकाळी वाळलेला वाख मोजून ठेवला होता, तोच संध्याकाळी जड भरला. कुणी पाणी घातलं नव्हतं. हवेतलं प्यायला! तळ्याकाठची दमट हवा. काच पाणी पीत नाही, वाख पितो. झाडच ते, जन्मभर तेच करत आलंय. ओल्या धाग्याला रेझिन धरतच नाही.

तो तुकडा हातात घेऊन दाबून बघत होता. पाणी सुटलं. परत बादलीत टाकला. गवत म्हणून हसला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, ५ एप्रिल

मागची कोठी रिकामी केली. खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या, दाराखाली गोणपाट, आत हीटर. वाख तिथेच वाळणार, तिथेच विंचरला जाणार, तिथून थेट साच्यात. टकळीला सांगितलं, दार उघडं टाकायचं नाही. एक मिनिटसुद्धा नाही!

"मला काय बरणीत घालून झाकण लावतेस का गं?"

पण बसली. दाराबाहेरूनही तिची बडबड ऐकू येते. कुणाशी बोलते कोण जाणे. वाखाशीच बोलत असेल. आज वजनाचा काटा दिवसभर हलला नाही. वाख कोरडा! किती दिवसांनी नीट जेवले मी.

शुक्रवार, ११ एप्रिल

सोड्यानं आणि फणीनं टकळीच्या बोटांना चिरा पडल्यात. हातमोजे नको म्हणते, "बोटांना वाख कळत नाही मग." मी माझी मलमाची डबी दिली. म्हटलं, कामाच्या आधी चोळत जा. तिनं लगेच नाकाला लावून वास घेतला – "हे दादानं आणलेलं दिसतंय. मला मेलीला साधा साबण आणत नाही कधी!"

सोमवार, १४ एप्रिल

होडी झाली. साच्यात थर त्यानंच लावले, तोंड वाकडं करून. "साचा माझा, चूक तुझी." पण हात कसे चालत होते त्याचे! कोपऱ्यात वाख नीट बसेना तेव्हा जीभ दाताखाली धरली – तो लक्ष लावून काम करतो तेव्हाच तसं करतो. मी खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग केलं.

रंग मधासारखा आलाय. उद्या पाण्यात.

मंगळवार, २२ एप्रिल

रोज तळ्यावर जाऊन येते. पोती भरून होडी तरंगतेय. वाकून हात फिरवते. हात फिरवून काय कळणार? तरी फिरवते.

त्याला डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. आकडा मागच्यापेक्षा खाली. मी विचारलं, अजून काच सोडली तर? "तर आहे तिथे राहील. परत येणार नाही, पण जाणारही नाही." मी हे वाक्य येताना मनातल्या मनात म्हणत आले. आहे तिथे राहू दे. मला वर काही नको. आहे तिथेच राहू दे.

गुरुवार, १ मे

संपलं.

शुक्रवार, २ मे

काल पुढे लिहवलं नाही. मॅनेजरांचा निरोप आला, गेलो. होडी काठावर ओढून ठेवली होती. तळाला पापुद्रे सुटले होते, आत बोट जाईल एवढे. सगळीकडे नाही. इथे एक, तिथे एक, मध्ये चांगली. मॅनेजरांनी पायानं दाबून दाखवलं. त्यांना दोष नाही. माणसं बसणार आहेत त्यात.

वाटेत तो म्हणाला, "पंधरा दिवस टिकली की. गवताच्या मानानं पुष्कळ." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. त्यापेक्षा ओरडला का नाही!

घरी आल्यावर टकळीनं विचारलं, "काय झालं?" मी मान हलवली. ती पहिल्यांदाच काही बोलली नाही. उठून भाजी निवडायला बसली.

सोमवार, ५ मे

टेंपोतून काचेच्या मॅटचे रोल आले. शेडमध्ये भिंतीला लावून ठेवलेत. पांढरेशुभ्र. दिसायला किती शांत दिसतात मेले.

लेकीचा फोन. दुसऱ्या गावी शिकते, तिला सगळं सांगत नाही मी. म्हणाली, "आई, बाबा फोनपासून लांब बसून खोकतात, ते मला ऐकू येत नाही असं वाटतं का त्यांना?" मी म्हटलं, सर्दी आहे. ती म्हणाली, "तू पण ना, आई..."

फोन ठेवल्यावर न्हाणीघरात गेले आणि नळ मोठा सोडून रडले. ठरल्याप्रमाणे विषय काढायचा नाही. मग मी बोलू कशाबद्दल? घरात दुसरा विषय आहे कुठे?

बुधवार, ७ मे

आज शेडमधून ग्राइंडरचा आवाज आला. मी पोळ्या अर्ध्या टाकून गेले. एक जुनी काचेची होडी दुरुस्तीला आली होती. "नाही कसं म्हणू? ओळखीचे आहेत." भुवया, मिशी, सगळं पांढरं. तो म्हातारा झाल्यावर कसा दिसेल ते मला दिसलं. आणि लगेच वाटलं, हे तरी पुढे खरोखर दिसेल का?

त्याच्या हातून ग्राइंडर ओढून घेतला. त्यानं परत घेतला. भांडलोही नाही. नुसता घेतला.

गुरुवार, ८ मे

सापडलं!!

रजा टाकली आणि फाटलेली होडी करवतीनं कापत बसले. वेडीच झाले होते, नाहीतर काय. पापुद्रे सुटले तिथला वाख बाहेर ओढला तर अगदी कोरा – रेझिन त्याला लागलेलंच नाही! शेजारचा मात्र घट्ट. तोच वाख, तोच गठ्ठा, तीच कोठी. मग कोठीतला उरलेला वाख घेतला, मूठमूठ, आणि एकेका मुठीवर पाण्याचा थेंब टाकत गेले. एकीवर थेंब लगेच मुरला. दुसरीवर – अळवाच्या पानावर राहतो तसा गोल! हलला, घरंगळला, खाली पडला.

वास घेऊन बघितला. माझ्या मलमाचा वास.

टकळीनं सकाळी हातांना चोळायचं, आणि पहिल्या काही मुठी त्या हातांनी विंचरल्या जायच्या. नंतर हात कोरडे. म्हणून इथे एक, तिथे एक. तेलकट धाग्याला रेझिन धरणार कसं? पाणी थांबवायला खिडक्या बंद केल्या आणि तेल मीच डबीत घालून आत दिलं!

टकळीला सांगितलं तर आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्या हातांनी बुडाली का गं?"

"तुझ्या नाही. माझ्या डबीनं."

"मग आधी डबी बुडव तळ्यात," म्हणाली, आणि डोळे पुसले.

शुक्रवार, ९ मे

त्याला विचारलंच नाही. एकटी मॅनेजरांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, माझ्या होड्या जूनमध्ये हव्यात हो." मी म्हटलं, तुमची तारीख तीच राहू द्या. त्याच्या आत दुसरी होडी तीन आठवडे पाण्यात राहील. नाही जमलं तर काच आणून ठेवलेलीच आहे. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "तुम्हाला एवढं काय पडलंय?"

मी सांगितलं. नवऱ्याच्या छातीचं सगळं सांगितलं, परक्या माणसाला, उभ्या उभ्या. लाज गेली माझी. जाऊ दे.

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "आणा होडी."

मंगळवार, १३ मे

त्याला कळलं. चिडला. "भीक मागितलीस?" "हो, मागितली." "माझ्या नावानं?" "मग काय शेजाऱ्याच्या नावानं मागू?" दिवसभर अबोला. संध्याकाळी साचा पुसून, मेण लावून तयार ठेवलेला दिसला.

शनिवार, १७ मे

टकळी सकाळी बसते ती अंधार पडल्यावरच उठते. मलम नाही, काही नाही. बोटांना कापडाच्या पट्ट्या. मी म्हटलं, मी बसते थोडी. "तू बस तुझ्या काट्यापाशी. तू ओढलंस की तुटतो." रविवारची सुटी मात्र मी तिला घ्यायलाच लावते. कोठीला कुलूपच घालते!

प्रत्येक मुठीवर एक थेंब टाकून बघते मी. मुरला की साच्यात. पाणी मुरताना बघणं ही काय आनंदाची गोष्ट आहे? पण आहे. सध्या माझ्या आयुष्यात ती एकच आहे.

मंगळवार, २० मे

दुसरी होडी पाण्यात.

बुधवार, २८ मे

झोपेत त्याचा श्वास ऐकत असते. आत जाताना एक बारीक शीळ. बाहेर येताना काही नाही. मग पुन्हा शीळ येईपर्यंत मी माझा धरून ठेवते. बावळटपणा. दोघांपैकी एकानं तरी नीट घ्यायला हवा ना!

सोमवार, २ जून

तळ्यावर गेले नाही. गेले तर हात फिरवावासा वाटणार. भीती वाटते. कोठीत टकळीपाशी जाऊन बसले, होडी टिकली तर लागेल म्हणून ती पुढचा वाख विंचरून ठेवतेय. "टिकणार गं," म्हणाली. एवढंच. दमलेली दिसते. हल्ली फार बोलत नाही. दादा म्हणतो, "देव आहे म्हणायचा!" तिनं त्याला फणी उगारून दाखवली.

मंगळवार, १० जून

टिकली! टिकली! टिकली!

काठावर ओढली, पुसली, उलटी केली. एक पापुद्रा नाही. वजन केलं, जरासं वाढलंय, पण ते चालतं. मॅनेजर नाण्यानं ठोकत इकडून तिकडे गेले. मग तो पुढे झाला. बोटांच्या पेरांनी ठोकत, कान लावून, पार टोकापासून टोकापर्यंत. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो उठला, गुडघे झटकले आणि मॅनेजरांना म्हणाला, "सगळ्या याच्याच करू."

वाटेत मला म्हणाला, "गाय लांब ठेवायला हवी पण."

मी त्या भर रस्त्यात इतकी हसले की लोक बघायला लागले.

गुरुवार, १२ जून

काचेचे रोल परत गेले. टेंपोत त्यानं स्वतः चढवले, मधे दोनदा बसावं लागलं. ग्राइंडर धुतला, पुसला आणि फडक्यात गुंडाळून वर माळ्यावर टाकला. डॉक्टरांकडे फुंकला तर आकडा आहे तिथेच. आहे तिथेच! मी डॉक्टरांच्या पाया पडायचीच राहिले होते.

जिंकलो. असं लिहायला हात कचरतोय, पण लिहिते. जिंकलो आम्ही.

टकळीला नवं लुगडं घ्यायचं ठरवलं तर म्हणते, "मला स्टूल घ्या. पाठ असलेलं."

सोमवार, १६ जून

सकाळी खोकला ऐकू आला. पुन्हा काच? धावत शेडमध्ये गेले. तो साच्यावर वाकून वाख अंथरत होता. हात थांबले होते. त्यानंही ऐकला होता.

कोठीचं दार ढकललं. टकळी छातीवर हात दाबून बसली होती. मला बघून हसली. बोलायला वेळ लागला.

"काही नाही गं वहिनी. रविवारची सुटी झाली की सोमवारी असं आवळून येतं. मंगळवारपर्यंत जातं."

तिच्या भुवयांवर वाखाची बारीक पिवळट पूड बसली होती, आणि खिडकीच्या फटींना माझ्याच चिकटपट्ट्या.

"किती सोमवार?" – माझ्या मागून त्यानं विचारलं.